पक्क्या वाक्यांची वही

सर कुठल्याही खुर्चीवर बसायच्या आधी ती दाबून बघायचे. दोन्ही तळवे बैठकीवर ठेवायचे, अंगाचा भार द्यायचे, खुर्ची करकरली तर कान देऊन ऐकायचे आणि मगच बसायचे. वर्गातली खुर्ची तीच, टेबल तेच, तरी रोज. कॉलेजच्या जिन्यावरही पहिल्या पायरीवर एक पाय ठेवून क्षणभर थांबायचे. मुलं मागे अडकून राहायची, पण कोणी घाई करत नसे. तत्त्वज्ञानाचे सर चढताहेत म्हटल्यावर थांबायचंच, असा नियम होऊन गेला होता.

त्यांच्याविषयी लिहायचं मी बरेच दिवस टाळते आहे. मला नीट लिहिता येईल असं वाटत नाही, आणि सर समोर असते तर याच वाक्यावर बोट ठेवून म्हणाले असते, "वाटत नाही? हे कशावर उभं आहे?"

हा त्यांचा प्रश्न. बाकीचे शिक्षक 'कशावरून?' म्हणतात, सर म्हणायचे, "हे कशावर उभं आहे?" तो वर्गापुरता असता तर चाललं असतं. पण एकदा प्राचार्य भाषणात म्हणाले की आपलं महाविद्यालय प्रगतिपथावर आहे, तर पहिल्या रांगेतून सरांनी हात वर केला. प्राचार्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. सरांनी भाषण संपेपर्यंत हात खाली घेतला नाही. एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात त्यांनी आहेराच्या पाकिटावर लिहिलं होतं, 'सुखी राहाल अशी आशा आहे. खात्री देता येत नाही.' ते पाकीट पुढे वर्षभर स्टाफरूममध्ये गाजत होतं. मुलगी मात्र त्यांना भेटली की हसून सांगायची, "सर, अजून तरी सुखी आहे हं." सर तेवढ्याच गंभीरपणे म्हणायचे, "छान. कळवत राहा."

त्यांच्याकडे एक वही होती. जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची. वर चिठ्ठी चिकटवलेली होती आणि तिच्यावर त्यांच्या ताठ अक्षरात लिहिलं होतं, 'पक्की वाक्यं'. ज्या वाक्यावर कधीच शंका घेता येणार नाही असं वाक्य सापडलं की ते शाईने त्या वहीत जायचं. अशी पुरेशी वाक्यं जमली की त्यांच्यावर एकेक विचार रचत जायचं आणि पुस्तक लिहायचं, असा त्यांचा बेत होता. नोकरीच्या पहिल्या वर्षी वही सुरू केली तेव्हा तिच्यात बरीच वाक्यं होती म्हणे. मी कॉलेजात आले तेव्हा चार उरली होती. बाकीची सगळी सरांनी स्वतःच खोडली होती, पट्टी धरून, सरळ रेघेने.

त्या चारांतलं एक वाक्य असं होतं, 'वाट पाहिली तर चहा गार होतो.' हे वाक्य अनेक वर्षं टिकलं. मग आमच्या कँटीनच्या मामांनी मोठा थर्मास आणला. सर नेहमीसारखे तास संपवून, एका मुलाशी वाद घालून, तासाभराने कँटीनमध्ये आले आणि मामांनी वाफाळता चहा समोर ठेवला.

"हा केव्हाचा?" सरांनी विचारलं.

"मघाचाच की सर. तुमच्यासाठी ठेवला होता. आहे ना गरम?"

सरांनी चहा प्यायला. मग पिशवीतून वही काढली, पट्टी काढली. मामांना वाटलं, उधारी लिहिताहेत. मी आणि कल्याणी शेजारच्या टेबलावर होतो. कल्याणी माझी वर्गमैत्रीण, नाशिकच्या कॉलेज रोडला राहणारी, बोलायला कुणाला न घाबरणारी. ती म्हणाली, "सर, थर्मासमधला पण गार होतो, फक्त उशिरा. वाक्य राहू द्या ना." सर म्हणाले, "उशिरा म्हणजे किती वाट पाहिल्यावर? ते वाक्यात नाही." आणि रेघ मारली. तीन उरली.

आम्ही हसलो. मी जरा कमी हसले. मला ती वही फार खरी वाटायची.

त्याचं कारण आहे. मी हरसूलच्या पलीकडच्या एका वाडीतली. घरात माझ्या आधी कुणी कॉलेज पाहिलेलं नाही. शाळेपासून माझ्याबद्दल एकच वाक्य सगळ्यांनी सांगितलं होतं, पोरगी हुशार आहे पण पाया कच्चा आहे. शाळेतल्या गुरुजींनी सांगितलं, इंग्रजीच्या क्लासवाल्यांनी सांगितलं, वसतिगृहाच्या बाईंनी सांगितलं. तर्कशास्त्राच्या पहिल्या चाचणीत मला फार कमी गुण पडले तेव्हा मी सरांना आपणहून म्हणाले, "सर, माझा पाया कच्चा आहे." सरांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. म्हणाले, "वा! बाकीच्यांना आपला पक्का आहे असं वाटतं. तुला निदान कळलंय."

त्यांनी ते कौतुकानेच म्हटलं होतं, हे मला आज समजतं. तेव्हा मी त्याचा अर्थ असा घेतला की आता सगळं सोडून आधी पाया पक्का करायचा. वसतिगृहाच्या कपाटात जुनी शालेय पुस्तकं होती. मी आठवीचं व्याकरण काढलं. ते कळण्यासाठी सहावीचं लागेल असं वाटलं, मग सहावीचं काढलं. तत्त्वज्ञानातही तेच. एक विचारवंत वाचायला घ्यावा तर तो आधीच्या कुणाला तरी उत्तर देत असायचा. त्या आधीच्याकडे जावं तर तो आणखी कुणाला तरी. मी खाली खाली जात राहिले. वर्गात तोंड उघडलं नाही. कल्याणी म्हणायची, "अगं, बोल ना काहीतरी! चुकलं तर चुकलं." मी म्हणायचे, "आधी समजू दे नीट."

तिसऱ्या वर्षाला प्रकल्प असतो. सरांनी मला स्वतः निवडून विषय दिला, 'ज्ञानाला पक्का पाया लागतो का?' म्हणाले, "हा विषय तुझाच आहे." दिवाळीनंतर लिहून द्यायचा होता. मी पहिलं वाक्य लिहिलं. मग स्वतःलाच विचारलं, हे कशावर उभं आहे? खोडलं. दुसरं लिहिलं, खोडलं. मीही पट्टी धरून खोडायला लागले होते. दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा माझ्याकडे शंभर पानी वही होती आणि त्यात एकही वाक्य नव्हतं.

मी पेटी भरली. कल्याणीला म्हटलं, "मी येणार नाही परत. नर्सिंगला जाईन. ते शिकवतात तसं करायचं असतं, तिथे मला जमेल."

"सरांना सांगितलंस?"

"नाही. त्यांना काय सांगू? त्यांनी 'कशावर' विचारलं तर?"

तिने पेटी उचलायला हात लावला. पण मी बसमध्ये बसल्यावर ती सरळ स्टाफरूममध्ये गेली. हे मला नंतर कळलं.

आता आमच्या घराविषयी थोडं सांगावं लागेल. आमचं घर मेढींचं आहे, म्हणजे जाड लाकडी खांबांचं. मेढी जमिनीत खड्डे घेऊन पुरलेल्या, त्यांच्यावर तुळया, वर वासे आणि कौलं. भिंती कारवीच्या काठ्यांच्या, शेणामातीने सारवलेल्या. मेढीचा जमिनीतला भाग ओल आणि वाळवीने कुजतो. म्हणून भाताची झोडणी उरकली की आबा, म्हणजे माझे वडील, घरभर फिरून एकेक मेढ बघतात आणि जी सगळ्यात खराब झाली असेल ती बदलतात. वर्षाला एक. फार तर दोन.

हरसूलचा बाजार होता त्या दिवशी. मी अंगणात नवीन मेढीचं बूड भाजत होते. विस्तवावर फिरवून काळं केलं की वाळवी लवकर लागत नाही. तेवढ्यात रस्त्यावर जीप थांबली आणि बाजारातून परतणाऱ्या बायकांच्या टोपल्यांमधून सर उतरले. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खांद्याला पिशवी. आधी एक पाय जमिनीवर ठेवला, थांबले, मग दुसरा.

माझ्या हातातली मेढ तशीच राहिली. आबांनी विचारलं, "कोन गं?"

"आमचे सर."

"मंग उभी काय? पानी दे."

सर पडवीत आले. बसायला घोंगडी टाकली होती, पण बसायच्या आधी त्यांनी सवयीने शेजारची मेढ तळव्यांनी दाबली. मेढ हलली. वरून थोडी माती पडली. सर एकदम मागे सरले. आयुष्यभर त्यांनी खुर्च्या, पायऱ्या, टेबलं दाबून पाहिली असतील, पण दाबलेली वस्तू खरोखर हलली असं पहिल्यांदाच झालं असावं.

आबा खूश झाले. "बराबर! तीच कुजलीय. तीच काढायचीय आज. सरांना लय कळतंय हो."

अडचण अशी होती की मदतीला येणारा माझा चुलता बाजारात गेला होता. आबांनी तुळईखाली धिरा लावून ठेवला होता, म्हणजे तात्पुरता टेकू. पण जुनी मेढ उपसताना तो सरकू नये म्हणून कुणीतरी धरून ठेवायला हवा होता. मला खड्ड्यातले दगड काढायचे होते. आबांनी दोनदा रस्त्याकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं.

"सर, जरा हात लावता का? हितं. धिऱ्याला. नुस्ता धरून ऱ्हायचा."

मी म्हणाले, "आबा, अहो ते..." पण सरांनी पिशवी खाली ठेवली होती.

घरात आई चुलीपाशी होती. आतून आवाज आला, "धक्का नका देऊ हो कुनी. भात उतरायचाय."

सर चपापले. "आत माणसं आहेत? त्यांना बाहेर नाही काढलं?"

"कशाला?" आबा पहार मारत म्हणाले. "काम दोन तासाचं हाय. तवर काय चूल बंद ठिवायची?"

"पण घर..."

"घर उभंच हाय की."

सरांनी धिरा दोन्ही हातांनी धरला होता. कौलांमधून ऊन त्यांच्या टकलावर पडत होतं. ते वर तुळईकडे बघत होते. मला माहीत होतं, आता येणार.

"आबा, हे घर कशावर उभं आहे?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. शिकलेला माणूस चेष्टा करतोय की काय, असं त्यांना वाटलं असावं. मी मान हलवली, खरंच विचारताहेत म्हणून.

"मेढींवर," आबा म्हणाले.

"आणि याला पाया?"

"पाया नाय ह्याला. पाया शिमीटच्या घराला."

"मग मेढी कशावर उभ्या आहेत?"

"घरावर."

"घरावर?"

"आता ही नवी मेढ अंगनात एकली उभी करा. आडवी व्हईल. वरून वजन हाय, बाजूनं तुळई धरती, म्हनून ती उभी."

"म्हणजे घर मेढींवर आणि मेढी घरावर. हे गोल झालं, आबा."

"चौकोनीच हाय सर," आबा म्हणाले. "बाहीरून बघा पायजे तर."

आत आई हसली. मी खड्ड्यात तोंड घातलं. सर मात्र हसले नाहीत. ते इतके विचारात होते की धिरा त्यांनी नुसता धरला नव्हता, त्याला खांदा लावला होता.

"पण खाली जमीन आहे ना? ती तर पक्की?"

"हाय. पन तिचंबी काय सांगावं. गेल्या पावसात वरच्या वावराचा अर्धा बांध खाली आला. परत रचला."

"यातली पहिली मेढ कुठली? घर बांधलं तेव्हाची?"

"एकबी नाय आता. सगळ्या बदलल्या."

"मग सगळ्या एकदमच का नाही बदलत? एकदाच, नीट, सगळं मोकळं करून?"

आबांनी पहार टेकवली. त्यांना प्रश्नच कळला नाही असं क्षणभर वाटलं. मग म्हणाले, "मंग ऱ्हायचं कुठं? आनि बदलायचं तरी कशाच्या जिवावर? ह्यी एक बदलायची तर बाकीच्यांनी तवर धरून ऱ्हायचं आसतं. पुढल्या साली तिची पाळी, तवा ह्यी धरंल."

"आणि सगळ्या एकाच वर्षी कुजल्या तर?"

"तसं व्हऊ द्यायचं नाय. म्हनून तर दर साली बघायचं. तुमी मघाशी दाबून बघितली ना? तसंच. मीबी दाबूनच बघतो."

आम्ही मेढ काढली, नवी लावली, भोवती दगड ठोकले. आबांनी धिऱ्याची पाचर काढली. घर किंचित खाली बसल्यासारखा आवाज झाला आणि थांबला. सरांनी नवी मेढ दाबली. मग आबांनी दाबली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतकं सारखं दाबणारी दोन माणसं मी पाहिली नव्हती.

जेवताना सरांनी नागलीची भाकरी, भात आणि उडदाची आमटी खाल्ली. आईने विचारलं, "बरी झालीय का आमटी?" आणि मी श्वास रोखला. सर म्हणाले, "बरी झालीय." एवढंच. खाली काही नाही, वर काही नाही. मी तीन वर्षांत त्यांच्या तोंडून असं बिनअटीचं वाक्य ऐकलं नव्हतं.

परत जाताना मी त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेले. तोवर माझ्याविषयी एक शब्द निघाला नव्हता. जीपची वाट बघताना ते म्हणाले, "तुझ्या वडिलांचं मला पटलेलं नाही."

"हो सर."

"पण उत्तरही सुचलेलं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत." शर्टच्या खांद्यावर धिऱ्याचा मातीचा पट्टा उमटला होता, तो ते झटकत होते. "कल्याणी म्हणाली, तू वाक्यं खोडतेस."

मी मान खाली घातली. "सर, पहिलंच सुचत नाही. जे सुचतं ते टिकत नाही."

त्यांचा झटकणारा हात थांबला. मग म्हणाले, "ते मी शिकवलं तुला." आणि मला काही म्हणायचं सुचायच्या आत पुढे म्हणाले, "असं कर. पहिलं सुचत नसेल तर तिसरं लिही."

जीप आली. त्यांनी पायरीवर एक पाय ठेवला, थांबले, चढले.

मी पेटी घेऊन नाशिकला परतले. वहीत दोन ओळी कोऱ्या सोडल्या आणि तिसऱ्या ओळीवर लिहिलं, 'आमच्या घराला पाया नाही आणि आम्ही त्यात राहतो.' मग चौथं वाक्य त्याला धरून आलं, पाचवं चौथ्याला. कधी सातवं लिहिल्यावर तिसरं थोडं बदलावं लागलं. वरच्या दोन ओळी शेवटी भरल्या. सरांनी प्रकल्प तपासून दिला तेव्हा जवळपास प्रत्येक वाक्याशेजारी समासात पेन्सिलने लिहिलं होतं, 'कशावर?' आधीची मी असते तर पुन्हा पेटी भरली असती. या वेळी मी टेबलाशी बसले आणि पहिल्या 'कशावर?'शी थांबले. तेवढंच वाक्य काढलं, बाकीची राहू दिली. ते नीट बसवल्यावर मी पुढच्याकडे गेले.

आता मी एम. ए.ला आहे. वर्गात बोलते. चुकतेही. अजूनही कुणी फाडफाड इंग्रजी बोललं की मी दचकते, आठवीचं व्याकरण अजून उशाशी आहे. पण ते माझ्या बोलण्याच्या आड येत नाही, बोलता बोलता वाचते.

सर निवृत्त झाले आणि बहिणीकडे जळगावला राहायला गेले. जाण्याआधी मी आणि कल्याणी त्यांच्या नाशिकरोडच्या खोलीवर पुस्तकं बांधायला गेलो होतो. ते खोकी दाबून बघत होते आणि आम्ही दोऱ्या आवळत होतो. लाल पाठीची वही टेबलावर होती. कल्याणीने विचारलंच, "सर, किती उरली?"

"बघ की."

आम्ही पानं उलटली. सगळीकडे सरळ रेघा. शेवटची तीनही गेली होती. एका माणसाची सगळी नोकरी आणि एकही वाक्य नाही. मग कल्याणीने शेवटचं पान उलटलं. तिथे शाई नव्हती. पेन्सिलने लिहिलं होतं, 'एका वेळी एक. बाकीच्यांनी तोवर धरायचं.' आणि खाली लहान अक्षरात, 'पटलेलं नाही. पुन्हा बघायचं.'

त्यावर रेघ नव्हती.

यंदाच्या दिवाळीत मी घरी गेले तेव्हा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या मेढीची पाळी होती. धिरा मी धरला. आई आत भाकरी थापत होती. आबांनी खड्ड्यातून मान वर करून विचारलं, "तुजं सर कसं हायेत? त्यांना पटलं का मंग?"

मी त्यांना वहीतलं शेवटचं पान सांगितलं.

"म्हंजी नाय पटलं," आबा म्हणाले आणि पुन्हा दगड काढायला लागले. थोड्या वेळाने खड्ड्यातूनच त्यांचा आवाज आला.

"मंग येतील. पुढल्या साली पडवीतली डावी काढायचीय, कळव त्यांना."